ओल्या बुटांची कुळकथा

बूट फुटला तेव्हा मी घसरतही नव्हते. बव्हेरियातल्या गार्मिशच्या पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीच्या कडेवर टेकून पाय आत कोंबत होते, आणि घोट्यामागचं प्लॅस्टिक तळलेल्या पापडासारखं कडकन मोडलं. एक तुकडा बर्फात पडला, दुसरा हातात राहिला. बूट शाळेच्या स्की-बाजारातून सेकंडहँड घेतलेले, दिसायला नवेकोरे. आधीच्या मालकाने ते बारा-पंधरा वर्षं तळघरात जपून ठेवले होते. जपले होते, वाळवले नव्हते.

म्युनिकला राहायला येऊन मला पंचवीस वर्षं झाली, पण मी मूळची चिपळूणची. ओल्या बुटांबद्दल मला कुणी काही शिकवावं, याचा राग येतो. वडील एस.टी.त कंडक्टर होते. जून ते सप्टेंबर त्यांचे चामड्याचे बूट रोज भिजून घरी यायचे आणि आई रोज त्यांत रद्दी कोंबायची. बूट चुलीपासून हातभर लांब. जवळ सरकवले तर लवकर वाळतील, असं मी एकदा म्हटलं तर ती म्हणाली, "वाळतील, आणि उद्या तडकतील." मध्यरात्री उठून ती ओली रद्दी काढून कोरडी भरायची.

नेमकी हीच गोष्ट मला पुढे आमच्या इमारतीतल्या तळमजल्यावरच्या आजोबांनी सांगितली, अस्सल बव्हेरियन जर्मनमध्ये. ऐंशी कधीच ओलांडलेले. माझ्या फुटक्या बुटाची कथा ऐकून ते तळघरात गेले आणि स्वतःच्या तरुणपणचे बूट घेऊन आले. चामड्याचे, नाडीचे, प्रत्येकी दीड-दोन किलोचे असावेत. दोन्ही बूट एका लोखंडी शिकंज्यात करकचून आवळलेले, सोलला सोल समांतर. मला वाटलं, ही नेण्या-आणण्याची सोय. ती होतीच, पण शिकंज्याचं खरं काम वेगळं होतं, आणि ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

स्कीसाठी वेगळा बूट असतो हे मुळात कुणाच्या डोक्यातच नव्हतं. नॉर्वेतल्या टेलेमार्कमध्ये शेतावर जे पायात, तेच स्कीवर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथल्या सोंद्रे नोरहाइमने विलोच्या फांद्या पिळून त्यांचा वेढा टाचेमागून घेतला, आणि उडी मारताना स्की पायातून निसटायची थांबली. टाच मात्र मोकळी होती. १८९४ साली फ्रिट्झ हुइटफेल्टने चवड्याच्या दोन्ही बाजूंना धरणारे लोखंडी कान बसवले. इथून बुटाचं नशीब पालटलं. कानांत नेमका बसायचा तर सोलला आकार हवा, आणि चामड्याच्या सोलचा आकार भिजला की बिघडतो. तो पुढून वर वळतो, बाजूने फुगतो. शिकंजा त्यासाठी. रात्रभर आवळून ठेवला नाही, तर सकाळी बूट त्या पकडीत, म्हणजे बाइंडिंगमध्ये, बसणारच नाही आणि सुट्टीचा दिवस खोलीत बसून जाईल. आजोबा म्हणाले, संध्याकाळी आधी बूट, मग जेवण. शिवणींवर चरबी चोळायची, आत वर्तमानपत्र भरायचं, ते रात्रीत एकदा बदलायचं, आणि टाइल्सच्या शेगडीजवळ न्यायचं नाही. मी आईचं नाव सांगितलं. त्यांना ते म्हणता आलं नाही, पण मान डोलावली.

नॉर्वेचा डोंगर आल्प्सच्या मानाने सौम्य. ऑस्ट्रियात लिलियनफेल्टच्या माथियास झ्दार्स्कीला मोकळी टाच आणि तीव्र उतार यांचा मेळ बसेना, म्हणून त्याने १८९६च्या सुमारास पायाखाली धातूची पट्टी असलेलं बाइंडिंग केलं. पुढे इंग्रज आले, आणि इंग्रज आले की स्पर्धा, कप, क्लब हे ओघाने आलंच. इथे एक आडवळण घेते, कारण ते आपल्याकडून जातं. माझा बूट जिथे फुटला, तिथल्या शर्यतीच्या उताराचं नाव आहे कंदाहार. बव्हेरियात कंदाहार कुठून? कानपूरला जन्मलेला लॉर्ड रॉबर्ट्स १८८०मध्ये काबूलहून कंदाहारवर फौज घेऊन गेला आणि 'रॉबर्ट्स ऑफ कंदाहार' झाला. त्याने दिलेल्या कपासाठी १९११ साली स्वित्झर्लंडमधल्या मोंतानाला उताराची शर्यत झाली. मग १९२४ला म्युरेनमध्ये कंदाहार क्लब निघाला आणि १९२८ला सांक्ट आंटोनला आर्लबर्ग-कंदाहार शर्यत सुरू झाली. ही शर्यत उभी करणारा, आणि १९२२ला म्युरेनला आधुनिक स्लॅलमचे नियम घालून देणारा आर्नल्ड लन हा मद्रासमध्ये जन्मलेला मिशनऱ्याचा मुलगा. बर्फाशी काडीचा संबंध नसलेल्या दोन गावांतल्या या दोघांनी उताराचा खेळ घडवावा, याची मला फार गंमत वाटते.

कंदाहार हे नाव बाइंडिंगलाही लागलं. त्याच सुमारास गीडो रोझ या स्विस माणसाने टाचेमागून जाणारी तारेची केबल आणली. उतरताना ती बाजूच्या आकड्यांखाली अडकवली की टाच स्कीला चिकटून राहते. वेग वाढला, वळणं धारदार झाली, आणि पाय मोडू लागले. आतापर्यंत पडलं की टाच उचलली जायची. आता पाय जखडलेला, स्की लांब आणि मध्ये फक्त नडगीचं हाड. त्यावर कातडी पट्टे बुटाभोवती गुंडाळून गच्च बांधायची फॅशन आली. सुटणारं बाइंडिंग सुचलं यल्मार व्हामला. मोडका पाय घेऊन तो हॉस्पिटलमध्ये पडला होता तेव्हा. पुढे गार्मिशच्याच हानेस मार्करने १९५०च्या दशकात हे काम बरंच पुढे नेलं.

बुटालाही मग ताठ व्हावंच लागलं. बुटात बूट अशी दुहेरी बांधणी आली. आतल्याची नाडी बांधा, मग बाहेरच्याची, तीही उणे दहात, उघड्या बोटांनी. आजोबांच्या आई त्यांच्या नाड्या बांधून द्यायच्या आणि दोघांच्या डोळ्यांत पाणी यायचं. १९५५ला स्वित्झर्लंडच्या हेंके कंपनीने हान्स मार्टिनचे खटके बुटाला लावले आणि नाड्या गेल्या. चामडं मात्र तेच, ते भिजायचं आणि महिन्याभरात सैल पडायचं.

ते घालवलं अमेरिकेतल्या बॉब लँगने. साठच्या दशकात त्याने पॉलियुरेथेनचं कवच ओतलं. शर्यतवाले त्यावर तुटून पडले, कारण गुडघा किंचित ढकलला की स्की लगेच ऐकायची. नडग्या काळ्यानिळ्या व्हायच्या आणि त्या दुखण्याला बुटाच्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं, तरी कुणी चामड्याकडे परतलं नाही. या बदलाचा खरा फायदा झाला इटलीतल्या माँतेबेल्लुना या गावाला. व्हेनिसच्या उत्तरेला डोंगरपायथ्याशी मोची आणि चांभार यांचं हे जुनं गाव. १९५४ला के-टू सर करणाऱ्या इटालियन तुकडीचे बूट इथल्याच डोलोमिते कारखान्याचे. प्लॅस्टिक आलं तेव्हा या लोकांनी आऱ्या खाली ठेवल्या आणि साचे घेतले. नॉर्डिका, तेक्निका ही नावं त्याच भागातली. माणसाने चंद्रावर पाय ठेवल्यावर तेक्निकाने संध्याकाळी गावात फिरायला फुगीर मून बूट काढला. चामड्याच्या गावाने इतक्या लवकर चामडं सोडलं, हे मला थोर वाटतं. आपल्याकडे असं झालं असतं तर निम्मं गाव परिसंवादात बसलं असतं.

म्हणजे ओल संपली का? तिने फक्त जागा बदलली. कवच भिजत नाही, पण आतला लायनर दिवसभर घाम पितो. तो बाहेर काढून वाळवायचा, नाहीतर सकाळी पाय बर्फाच्या पिशवीत. पुन्हा तीच रद्दी, तीच हातभर लांबची उष्णता. कवच रिकामं असताना खटके हलकेच लावून ठेवायचे, नाहीतर ते पसरतं. आणि थंडीत प्लॅस्टिक दगड होतं, म्हणून बूट रात्री गाडीत ठेवायचे नाहीत. सकाळी त्यात पाय घालताना ज्याने शिव्या दिल्या नाहीत, तो संत असावा.

प्रवासाचं म्हणाल, तर म्युनिकहून गार्मिशला रेल्वे १८८९पासून आहे. आजोबा डब्यात बूट घालूनच बसायचे, कारण ओझं कमी. आता शनिवारी सकाळी सगळे गाडीने निघतात. ऑटोबान गार्मिशच्या अलीकडे संपतो आणि रांग तिथून सुरू होते. सीमा ओलांडून ऑस्ट्रियात जायचं तर १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर सक्तीचे, त्यांच्या खाचा किमान ४ मिलिमीटर खोल. या रांगेत मला कुंभार्ली घाटात दरड कोसळून अडकलेली एस.टी. आठवते, फक्त इथे कुणी खाली उतरून भजी तळत नाही. अशा वेळी बूट मी पुढे, हीटरच्या वाऱ्याजवळ ठेवते. जवळ, पण अगदी तोंडाशी नाही.

फुटलेल्या बुटाचं कोडं पुढे उलगडलं. पॉलियुरेथेन हवेतला ओलावा वर्षानुवर्षं शोषतं आणि आतून तुटत जातं, वापरा किंवा नका वापरू. मुंबईत कपाटात ठेवलेल्या चांगल्या बुटाचा सोल एके दिवशी भुगा होऊन हातात येतो, त्याचंही बहुतेक वेळा हेच कारण. आजोबांचे चामड्याचे बूट मात्र अजून घालता येतात. त्यांनी घालून दाखवले.

तुम्हाला कुणी आल्प्समध्ये किंवा गुलमर्गला जुने स्की-बूट स्वस्तात देऊ केले, तर आधी घोट्यामागचं प्लॅस्टिक अंगठ्याने जोरात दाबून बघा. किंमत नंतर विचारा.