फावडं, भाकरी आणि फंडिंग: शांततेच्या नोकरीची जुनी गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. रेकॉर्डिंगमध्ये सुटलेल्या दोन-तीन गोष्टी इथे भरल्यात, आणि माझे 'म्हणजे बघा' बऱ्यापैकी कापलेत.

गेल्या काही महिन्यांत तुमच्याकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला. युनायटेड नेशन्समध्ये इंटर्नशिप कशी मिळते? पीस स्टडीजची फेलोशिप खरंच पूर्ण फंडेड असते का? 'तीन वर्षं तालुक्याच्या गावी संस्थेत काम केलंय, बाहेर काही करता येईल का दादा?' आता मी काही करिअर काउन्सेलर नाही. कोड लिहून पोट भरतो आणि उरलेल्या वेळात इतिहास वाचतो. पण या क्षेत्राचा इतिहास वाचला की एक गोष्ट अगदी पहिल्या दिवसापासून दिसते. जो माणूस शांततेचं काम करायला घरातून निघतो, त्याच्या जेवणाचे आणि राहण्याचे पैसे कोण देणार, हा प्रश्न. आजचा भाग त्याच्यावर.

तर चला, फ्रान्समध्ये. नोव्हेंबर १९२०, व्हर्दं शहराच्या जवळचा भाग. १९१६ मध्ये इथे जर्मन आणि फ्रेंच सैन्य सुमारे दहा महिने लढलं होतं. दोन्ही बाजूंची लाखो माणसं मेली किंवा जखमी झाली. जमीन तोफगोळ्यांनी इतकी नांगरली गेली होती की आसपासची काही गावं पुन्हा वसलीच नाहीत. एन-आन-आर्गोन नावाचं एक गाव मात्र कसंबसं परत उभं राहू पाहत होतं. लोक परतले होते, पण डोक्यावर छप्पर नव्हतं, शेतात खड्डे होते.

तिथे एक छोटी टोळी येऊन पोचली. जेमतेम दहाएक माणसं. कोणी स्विस, कोणी इंग्लिश, आणि त्यांच्यात जर्मनसुद्धा. हो, जर्मन! लढाई संपून दोनच वर्षं झाली होती. या लोकांनी लाकडी घरं उभारली, खड्डे बुजवले, रस्ते नीट केले. मजुरी घेतली नाही.

टोळीचा म्होरक्या होता पिएर सेरेसोल. वय ४१, स्वित्झर्लंडमधल्या लोझानचा. वडील १८७३ मध्ये त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष होते, म्हणजे घराणं किती वजनदार ते समजा. पोरगा झुरिकला इंजिनिअरिंग शिकला आणि मग चक्क भटकायला निघाला. अमेरिकेत अंगमेहनतीची कामं केली, हवाईत फ्रेंच शिकवलं, जपानमध्ये इंजिनिअर म्हणून नोकरी केली. परत आल्यावर वारसाने मिळालेला पैसा त्याने सरकारला देऊन टाकला, आणि १९१७ मध्ये लष्करी कर भरायला नकार देऊन तुरुंगात गेला. आपल्याकडे इंजिनिअरिंग करून भलतंच काहीतरी करणाऱ्यांची परंपरा जुनी आहे असं आपण म्हणतो ना, ती आपल्याकडचीच नाही.

एनमधलं काम साधारण पाच महिने चाललं. मग अडलं ते जर्मनांवरून. ज्यांची घरं तोफांनी पाडली त्यांना दारात जर्मन माणूस नको होता, आणि स्थानिक प्रशासनालाही. याबद्दल गावकऱ्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. चार वर्षांपूर्वी ज्यांनी तुमचं गाव उद्ध्वस्त केलं, त्यांच्यातला एक जण हसऱ्या चेहऱ्याने फावडं घेऊन आला, म्हणून तुम्ही लगेच चहा टाकाल का? १९२१ च्या वसंतात टोळी निघून गेली. म्हणजे आंतरराष्ट्रीय शांतता-सेवेचा पहिला प्रकल्प, आजच्या भाषेत, वेळेआधी बंद पडला. 'इम्पॅक्ट रिपोर्ट' लिहिला असता तर फंडिंग पुढे मिळालं असतं की नाही, शंकाच आहे.

पण कल्पना टिकली. १९२४ मध्ये स्विस डोंगरातल्या एका गावात हिमकडा कोसळल्यावर पिएरने पुन्हा माणसं जमवली. या वेळी सोबत होता त्याचा सख्खा भाऊ एर्नेस्ट, जो स्विस सैन्यात कर्नल होता. एक भाऊ लष्कराला पैसा द्यायचा नाही म्हणून तुरुंगात जाणारा, दुसरा लष्करी अधिकारी, आणि दोघं मिळून दगड उचलतायत. १९२८ मध्ये लिख्टेनश्टाइनमध्ये ऱ्हाईन नदीच्या पुराने गाळाखाली गेलेली शेतं मोकळी करायला सातशेहून जास्त स्वयंसेवक आले. याच कामातून जी संघटना आकाराला आली ती सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल. तिचा नियम सोपा होता: काम करणाऱ्याला जेवण, झोपायला जागा आणि विमा. पगार नाही. कर्नल असो की कारकून, सगळ्यांना तेच ताट आणि तेच फावडं.

हा नियम लक्षात ठेवा. आपल्याला तो पुन्हा लागणार आहे.

आता भारत या गोष्टीत कसा येतो? डिसेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषद आटोपून गांधीजी परत येताना स्वित्झर्लंडमध्ये रोमाँ रोलाँ यांच्याकडे काही दिवस राहिले. तिथे सेरेसोल त्यांना भेटला. दोन वर्षांनी, १५ जानेवारी १९३४ ला बिहार आणि नेपाळ भूकंपाने हादरले. एकट्या बिहारमध्ये सात हजारांहून अधिक माणसं गेली. मुंगेर आणि मुझफ्फरपूर पार कोसळली. पण खरी गंमत, म्हणजे खरं संकट, नंतरचं होतं. जमीन फाटून आतून वाळू आणि पाणी वर आलं, सुपीक शेतावर वाळूचा थर बसला. नद्यांची पात्रं बदलली, उथळ झाली. त्यामुळे पूर्वी कोरडी राहणारी गावं आता पुराच्या तोंडात आली. नुसती घरं परत बांधून भागणार नव्हतं, गावंच उंच जागी हलवायला हवी होती.

सेरेसोल १९३४ मध्ये आधी पाहणीला आला आणि नंतर तीन साथीदार घेऊन परतला. म्हणजे चौघं युरोपीय, ज्यात इंग्लिशही होते. आता प्रामाणिकपणे सांगा, बिहारमध्ये माती उचलायला माणसं कमी होती? चार गोऱ्या माणसांच्या बोटीच्या तिकिटात किती घरं झाली असती? हा प्रश्न मला वाचताना सारखा पडत होता, आणि आजही एखाद्या परदेशी स्वयंसेवकाचा फोटो पाहिला की तो पडायलाच हवा.

माझं उत्तर असं: मातीकामासाठी त्यांची गरज नव्हती, ते बहुतेक गावकऱ्यांनीच केलं. गरज होती ती मधल्या जागेत. एका बाजूला सरकारचा मदतनिधी, व्हाइसरॉयच्या नावाचा. दुसऱ्या बाजूला राजेंद्रप्रसादांची बिहार सेंट्रल रिलीफ कमिटी. राजेंद्रबाबू तर भूकंपानंतर लगेचच तुरुंगातून सुटून आले होते. सरकार आणि काँग्रेस एकमेकांकडे संशयाने बघत होते. अशा वेळी दोघांशीही बोलू शकणारा, नकाशा आणि पातळी समजणारा, आणि वर स्वतः उन्हात टोपली उचलणारा ५५ वर्षांचा इंजिनिअर कामाचा होता. जे नवं गाव वसवलं त्याचं नाव ठेवलं शांतिपूर. १९३७ पर्यंत हे काम चाललं.

आणि आता बिहारच्या गोष्टीतला माझा आवडता माणूस. तो स्विस नाही, इंजिनिअरही नाही. तो अकाउंटंट आहे. जे. सी. कुमारप्पा, लंडनहून हिशेबशास्त्र शिकलेले आणि कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्त शिकलेले. नंतर ते वर्ध्याला मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघ चालवायचे, म्हणून विदर्भातल्या श्रोत्यांना नाव ओळखीचं असेल. बिहारच्या मदतनिधीचे पैसे त्यांच्या हाती आले. त्यांनी कार्यकर्त्यांच्या जेवणाचा खर्च ठरवून टाकला: दिवसाला तीन आणे. गांधीजी बैठकीसाठी पाटण्याला येणार म्हटल्यावर त्यांनी कळवलं की तुमच्या आणि तुमच्यासोबतच्या मंडळींचा खर्च या निधीतून निघणार नाही. गांधीजींना! आज आपण 'ओव्हरहेड', 'ॲडमिन कॉस्ट' असले शब्द वापरतो, पण मुद्दा तोच आहे. लोकांनी भूकंपग्रस्तांसाठी दिलेल्या पैशातून मदत करणाऱ्याने किती खायचं? कुमारप्पांचं उत्तर 'शून्य' नव्हतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. तीन आणे का होईना, पण होते. उपाशी राहून सेवा करा, असं त्यांनी सांगितलं नाही.

स्वातंत्र्यानंतर याच संघटनेचे स्वयंसेवक महाराष्ट्रातही आले. १९५० च्या दशकात, बाबा आमट्यांचं आनंदवन नुकतं उभं राहत होतं तेव्हा, वेगवेगळ्या देशांतली तरुण मंडळी तिथे राहिली आणि त्यांनी बांधकाम केलं. कुष्ठरोगाची भीती इतकी होती की वरोऱ्यातले लोक आनंदवनात पिकलेली भाजी घ्यायचे नाहीत. परदेशी पोरं तिथेच राहतात, तिथलंच खातात, हे बघून ही भीती हळूहळू कमी झाली, असं सांगितलं जातं. पुढे सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू झाली. तुमच्यापैकी काही जण तिला जाऊन आले असतील, तर एनमधल्या त्या टोळीशी तुमचं लांबचं नातं आहे असं समजा.

यानंतर गोष्ट वेगाने बदलते. सरकारं यात उतरली. १९५८ मध्ये ब्रिटनची व्हीएसओ, १९६१ मध्ये अमेरिकेची पीस कोअर. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या आई लिलियन कार्टर वयाच्या ६८ व्या वर्षी पीस कोअरमधून नर्स म्हणून मुंबईत आल्या आणि विक्रोळीत राहिल्या, हे मला फार उशिरा कळलं. १९७० मध्ये यूएनच्या आमसभेने यूएन व्हॉलंटिअर्स हा कार्यक्रम मंजूर केला. या सगळ्यांत राहण्याखाण्याचा भत्ता होता. फावड्याची जागा हळूहळू पदवीने, मग अनुभवाने, मग अर्जाने घेतली. आणि 'स्वयंसेवक' या शब्दाशेजारी 'इंटर्न' हा शब्द येऊन बसला.

इथे गडबड झाली. ऑगस्ट २०१५ मध्ये जिनिव्हात न्यूझीलंडचा २२ वर्षांचा एक यूएन इंटर्न तलावाकाठी तंबूत राहतोय, अशी बातमी जगभर गेली. इंटर्नशिप बिनपगारी होती आणि जिनिव्हातलं घरभाडं परवडत नव्हतं. हा तोच तलाव, ज्याच्या काठावर थोडं पुढे सेरेसोलचं लोझान आहे. दोघांनाही पगार नव्हता. पण सेरेसोलच्या टोळीत जेवण आणि झोपायची जागा कामासोबत यायची. जिनिव्हात फक्त 'पगार नाही' एवढाच भाग शिल्लक राहिला, ताट आणि छप्पर गळून पडलं. मग तिथे कोण पोचणार? ज्याच्या बापाला जिनिव्हाचं भाडं झेपतं तो. म्हणजे जगातल्या गरिबीवर अहवाल लिहायला शिकणार कोण, तर ज्याने ती कधी पाहिली नाही तो. याचा मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

तर आता तुमच्या प्रश्नांकडे. यूएनच्या मुख्य सचिवालयाची इंटर्नशिप अजून बिनपगारी आहे. न्यूयॉर्क किंवा जिनिव्हात काका-मावशी नसतील तर आधी गणित मांडा. पण सगळं यूएन म्हणजे एकच ऑफिस नाही. आयएलओ म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटना इंटर्नना विद्यावेतन देते, डब्ल्यूएचओनेही अलीकडे ते सुरू केलंय. यूएन व्हॉलंटिअर्समध्ये राहण्याचा भत्ता आणि वैद्यकीय विमा मिळतो, आणि भारतातल्या भारतातही जागा निघतात. १८ ते २६ वयासाठी वेगळा प्रकार आहे. माझ्या मते मराठी मुलामुलींनी सगळ्यात आधी हेच दार ठोठवावं, कारण जुन्या नियमाच्या सगळ्यात जवळ हेच आहे. जेपीओ, म्हणजे ज्युनिअर प्रोफेशनल ऑफिसर, हे नाव ऐकून बरेच जण हुरळतात. त्या जागांचे पैसे श्रीमंत देशांची सरकारं देतात, आणि मुख्यतः आपल्याच नागरिकांसाठी देतात. भारतीय पासपोर्टवर तिथे फार वेळ घालवू नका.

रोटरीची पीस फेलोशिप मात्र खरंच पूर्ण खर्चाची आहे: फी, राहणं, जेवण, प्रवास. पहिली तुकडी २००२ ची. युरोप, जपान, ऑस्ट्रेलिया, युगांडा इथली केंद्रं होतीच, आता पुण्याच्या सिम्बायोसिसमध्येही केंद्र जाहीर झालंय. तिला कामाचा काही वर्षांचा अनुभव लागतो, आणि तालुक्याच्या संस्थेतली तीन वर्षं हा अनुभवच आहे. गावात पाणीवाटपावरून दोन गटांत भांडण होतं आणि तुम्ही दोघांना एका खोलीत बसवलं, तर ते अर्जात तसंच लिहा: किती बैठका, किती घरं, शेवटी काय ठरलं. 'कम्युनिटी एंगेजमेंट केलं' असं लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही.

आणि एक शेवटचं, कारण गेल्या महिन्यात तिघांनी स्क्रीनशॉट पाठवले. यूएन भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर पैसे घेत नाही. अर्जाची फी नाही, मुलाखतीची नाही, ट्रेनिंगची नाही. कोणी 'प्रोसेसिंगचे चार हजार भरा, ऑफर लेटर पाठवतो' म्हणालं, तर नंबर ब्लॉक करा आणि सायबर हेल्पलाइनला १९३० वर कळवा.