जुन्या पडद्यावरचे चमत्कार आणि आजची मुले

देवनारहून चेंबूरकडे जाताना शीव-ट्रॉम्बे मार्गालगत आर. के. स्टुडिओ होता. राज कपूर यांच्या ‘आवारा’ (१९५१) मधील स्वप्नदृश्य प्रसिद्ध आहे. धुराचे ढग, वळणदार जिने आणि अवाढव्य मूर्ती यांतून त्यात स्वर्ग-नरक उभे राहिले, कलादिग्दर्शन एम. आर. आचरेकर यांचे. २०१७ च्या आगीत स्टुडिओची मोठी हानी झाली, २०१९ मध्ये जागाही विकली गेली. परिसरातील मुलांना ते जग आता पडद्यावरच भेटू शकते. मात्र संगणकीय दृश्यांना सरावलेले मूल तो धूर पाहून हसते आणि घरातील वडीलधारी दुखावतात.

या अडचणीवर दादासाहेब फाळके यांच्या ‘कालिया मर्दन’ (१९१९) या मूकपटातच एक तोड सापडते. कृष्णाची भूमिका फाळके यांची कन्या मंदाकिनी हिने केली होती. कथा सुरू होण्यापूर्वी ही चिमुरडी प्रेक्षकांसमोर चेहऱ्यावरचे निरनिराळे भाव करून दाखवते आणि मगच तिचा कृष्ण होतो. हा खेळ आहे, हे चित्रपट स्वतःच आधी सांगून टाकतो! पुढे पाण्याखाली चाललेली झुंज आणि काठावरचे व्याकूळ गोकुळ आलटून पालटून दिसते. नाग बनावट आहे हे ओळखूनही काठावरची काळजी खरी वाटते.

पालकांनी हेच सूत्र धरावे. मुलांना हसू द्यावे; ‘आमच्या वेळी’ हे पालुपद टाळावे. पहिल्या दिवशी दहा मिनिटे पुरेत. ‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’ (१९३६) मधील गरुडविमान मात्र सुटे दाखवू नये. तुकोबा आणि जिजाई यांचा संसार पाहिल्यावाचून त्या निरोपाला अर्थ नाही. नंतर ‘हे कसे केले असेल?’ असे विचारावे. कॅमेरा एकाच जागी स्थिर ठेवून चित्रण थांबवायचे, समोरची वाटी उचलायची व पुन्हा चित्रण सुरू करायचे. दोन्ही तुकडे जोडले की वाटी अदृश्य होते. फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएस यांची ही युक्ती आज भ्रमणध्वनीवर मुलेही करू शकतात.

मूकपट कंटाळवाणे वाटल्यास महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) पासून आरंभ करता येईल. त्यातील तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्ये यांचा. लहानग्यांना मात्र तो रात्री दाखवू नये. जुना झाला तरी तो अजून घाबरवतो.