फितीवरची आई

आज टीव्हीचा थोडा इतिहास सांगते. गेलेल्या आईचा फोटो बहुतेक घरांत असतो, पण चालती-बोलती आई क्वचितच कुणाकडे असते. ज्यांची आई कधीकाळी टीव्हीवर दिसली होती त्यांना वाटतं, ती फीत कुठंतरी असेलच. खरंच असते का?

भारतात दूरदर्शन १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झालं. मुंबई केंद्र आलं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढं ‘आमची माती आमची माणसं’सारख्या कार्यक्रमांतून शेतात राबणारी माणसं पडद्यावर आली. गावात एखादाच टीव्ही आणि त्याच्यापुढं अख्खी आळी. कार्यक्रम एकदा लागला की संपला. घरात तो धरून ठेवायचं साधन नव्हतं.

मग केंद्रात तरी तो राहिला का? तेव्हा चुंबकीय फीत फार महाग होती. त्यामुळं जुनं पुसून त्याच फितीवर नवं चित्रण करायची रीत जगभर होती. इंग्लंडच्या बीबीसीनंही १९६० आणि १९७० च्या दशकांतले कितीतरी कार्यक्रम असेच पुसले. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला, त्या चित्रणाच्या मूळ फितीही बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असं नासानं २००९ साली सांगितलं. टीव्ही केंद्रांकडं प्रक्षेपणाच्या प्रती होत्या, म्हणून ती चित्रं आज दिसतात. चंद्रावरच्या माणसाची ही गत, तर बांधावरच्या बाईची काय!

ज्या फिती वाचल्या, त्यांतही आपलं माणूस सापडणं अवघड. फितीवर कार्यक्रमाचं नाव आणि तारीख लिहिलेली असते. बोलणाऱ्या बाईचं नाव असेलच असं नाही. ती नुसती ‘शेतकरी महिला’ होऊन जाते.

आमच्या भागातल्या एका ताईंची आई निर्धूर चुलीविषयी टीव्हीवर बोलली होती. आई गेल्यावर ताईंनी चौकशी केली. पहिलाच प्रश्न आला, “कार्यक्रम कोणता? तारीख कुठली?” ताईंना आईचं नाव तेवढं सांगता येत होतं. मग त्या गावातल्या म्हाताऱ्या बायांकडं बसल्या. कुणी म्हणालं, पोळा नुकताच झाला होता. कुणी म्हणालं, त्या साली आमची थोरली नांदायला गेली. असं जोडत जोडत साल आणि महिना निघाला. फीत अजून मिळालेली नाही. ताई म्हणतात, “फोटोतली आई हसते, पण हाक मारत नाही.”

तुम्हाला असं काही शोधायचं असेल तर अर्जात कार्यक्रमाचं नाव, अंदाजे महिना आणि साल, विषय, गाव आणि सोबत कोण होतं, एवढं लिहा. आईचा त्या काळातला फोटो जोडा. अर्जाची एक प्रत आपल्याकडं ठेवा. दूरदर्शनचे काही जुने कार्यक्रम आता यूट्यूबवर आहेत, तिथंही बघा.

घरातल्या लग्नाच्या कॅसेटी मात्र आत्ताच बाहेर काढा. त्यांत सासूबाई ओव्या म्हणत असतील, वडील पंगतीत आग्रह करत असतील. त्या चालवणारे व्हीसीआर बनवणं जपानच्या फुनाई कंपनीनंही २०१६ साली थांबवलं. ओलीनं फितीला बुरशी लागते. जाणकाराकडून त्या पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या आणि प्रती दोन घरी ठेवा.

आज आपण मोबाइलवर गटाचे व्हिडिओ काढतो. बोलणारीनं सुरुवातीलाच स्वतःचं नाव, गाव आणि तारीख सांगावी. बैठकीच्या इतिवृत्तात कर्जाचा हप्ता लिहितो, तशीच व्हिडिओची नोंद करा. कुणी बोललं, कशावर बोललं, कुठं ठेवलं. उद्या आपल्या लेकी शोधायला निघतील, तेव्हा ‘महिला’ एवढ्याच शब्दावर त्यांना आपण सापडणार नाही.