पाठतुलनेपासून स्ट्रिंगतुलनेपर्यंत : 'करकंब' या नावाच्या निमित्ताने

दोन स्ट्रिंगचे अंश परस्परांशी ताडून पाहणे हा प्रोग्रॅमिंगच्या प्रारंभिक अभ्यासक्रमातील नेहमीचा स्वाध्याय होय. ही कृती संगणकाबरोबर आली असे मात्र म्हणता येत नाही. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ.स. १५८४) ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, त्यामागे पाठभेदांचाच प्रश्न होता.

या कृतीला काटेकोर पद्धतीचे रूप पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात लाभले. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य तेथे १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये पूर्ण झाले. डॉ. वि. सी. सुखठणकर यांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत (१९३३) तुलनापत्रकांचे वर्णन केले आहे. आडव्या-उभ्या रेघा आखलेल्या कागदावर वरच्या ओळीत प्रचलित पाठ अक्षरशः, म्हणजे एकेक अक्षर सुटे करून, लिहिला जाई. खाली प्रत्येक हस्तलिखितासाठी एक ओळ राखून वेगळा पाठ नेमका त्या अक्षराच्या रकान्यात नोंदवला जाई. उजवीकडे शेऱ्यांसाठी चार इंच रुंदीचा रकाना असे. तुलनेचे एकक 'अक्षर' होते, हे येथे विशेष ध्यानात घ्यावे.

संगणकाचे एकक अक्षर नव्हे. पंढरपूर तालुक्यातील करकंब या गावाचे नाव 'करकंब' व 'करकम्ब' असे दोन प्रकारे लिहिता येते. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनुसार पहिले रूप ग्राह्य. वाचकाला दोन्ही एकच. युनिकोडमध्ये मात्र पहिल्यात पाच चिन्हे, तर दुसऱ्यात सहा. १९९२ मध्ये सिद्ध झालेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. विद्यार्थ्याने 'पहिली तीन अक्षरे' म्हणून सी भाषेत तीनच बाइट ताडले, तर केवळ 'क' ताडला जातो! नऊ बाइटपर्यंत 'करक' जुळते. पुढील दोन बाइटही समान असल्याने भेद प्रकट होतो तो थेट बाराव्या बाइटवर. इंग्रजी उदाहरणांवरच स्वाध्याय बेतल्यास ही अडचण विद्यार्थ्यासमोर येतच नाही आणि पुढे मराठी नावांच्या याद्या शोधताना एकच गाव दोन गावे ठरते.

युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही ही दोन रूपे एक होत नाहीत. त्यासाठी प, फ, ब, भ यांपूर्वीचा 'म्' अनुस्वारात बदलण्याचा स्वतंत्र नियम लिहावा लागतो. त्यात 'म'ही गोवला, तर 'अम्मा'चे 'अंमा' होते.