पुण्यात तपासलेली हिरवी रेषा

1882 साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजला पाच हजार रुपयांची देणगी दिली. मुंबई सरकारनं तेवढीच भर घातली. ठरलं होतं ते वर्णपटाच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा काढायचं. तिथे शिकवणारे कावसजी दादाभाई नायगमवाला 1884 मध्ये इंग्लंडला गेले, तिथल्या ज्योतिर्विदांशी बोलले आणि प्रयोगशाळेचा बेत वेधशाळेचा झाला. मुंबईपेक्षा पुणं बरं म्हणून जागा मिळाली सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत. 1888 मध्ये तिथे महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. ग्रब यांच्या कारखान्याची तिथली वीस इंची परावर्ती दुर्बीण पुढे अनेक वर्षं देशातली सर्वांत मोठी दुर्बीण होती.

त्या काळात आकाशाला विचारायचा प्रश्नच बदलला होता. शेंडेनक्षत्र दिसलं की राजावर संकट, हा हिशेब फार जुना; वराहमिहिरानं बृहत्संहितेत केतूंसाठी अख्खा अध्याय दिला आहे. आता मात्र धूमकेतू कशाचा बनला आहे, असं लोक विचारू लागले होते. इंग्रज ज्योतिर्विद विल्यम हगिन्सनं मे 1866 मध्ये उत्तर मुकुट या तारकासमूहात भडकलेल्या ताऱ्याचा प्रकाश लोलकातून पाहिला आणि त्यात हायड्रोजनच्या झळाळत्या रेषा ओळखल्या. नवताऱ्याचा वर्णपट तोवर कुणी पाहिलाच नव्हता. दोनच वर्षांनी त्यानं धूमकेतूच्या प्रकाशात कार्बनचे पट्टे ओळखले.

मग नॉर्मन लॉकियर या दुसऱ्या इंग्रज ज्योतिर्विदानं एक धाडसी सिद्धान्त मांडला. धूमकेतू आणि तेजोमेघ हे सगळे उल्कांचे थवे, आणि असे दोन थवे एकमेकांत घुसले की नवतारा भडकतो. पुरावा म्हणून त्याचं बोट होतं तेजोमेघांच्या वर्णपटातल्या एका हिरव्या रेषेवर. तापलेल्या उल्कांमधल्या मॅग्नेशियमच्या पट्ट्याची ती उरलेली कड आहे, असं तो म्हणे. हगिन्सला ते साफ अमान्य होतं.

वाद सोडवायला लागणारी कसोटी साधी आणि डोळ्यांचा अंत पाहणारी होती. मॅग्नेशियमचा पट्टा एका बाजूला धारदार असतो आणि दुसऱ्या बाजूला विरत जातो. रेषा त्याचाच अवशेष असेल तर तिची एक कड पुसट दिसायला हवी. नायगमवालांनी मृगातला तेजोमेघ धरला आणि वेगवेगळ्या परिस्थितीत ती रेषा पुन्हा पुन्हा तपासली. 1891 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: रेषा प्रत्येक वेळी अरुंद आणि दोन्ही बाजूंनी रेखीव दिसते.

हे लॉकियरच्या विरुद्ध जात होतं, आणि वेधशाळा काढायला बळ देणाऱ्यांपैकी लॉकियर एक होता. वसाहतीतल्या एका कॉलेजातल्या शिक्षकानं विलायतेतल्या आपल्या हितचिंतकाला डोळ्यांना दिसलं ते जसंच्या तसं कळवावं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. आपल्या विज्ञानाच्या इतिहासात या रात्रींना मानाचं पान हवं.

पुढे 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणाला लॉकियर विजयदुर्गावर होता आणि नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला. विदर्भात तळणीला ज्योतिर्विद माँडर दांपत्यानं तळ टाकला होता. (लॉकियरनं विजयदुर्गावरून 1868 मध्ये हेलियम शोधला, असं अजून सांगितलं जातं. त्या साली तो इंग्लंडातच होता.)

हिरव्या रेषेचं कोडं 1927 मध्ये अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ आयरा बोवेननं सोडवलं. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन अतिविरळ वायूत असा प्रकाश देतो. नवताऱ्याचा उद्रेक ओसरून त्याचं कवच विरळ झालं की तिथेही हीच रेषा उमटते. उल्कांचा त्यात काही संबंध नाही. नवतारा भडकतो तो असा: श्वेतबटू तारा जोडीदाराकडून हायड्रोजन ओढून घेतो, थर साठत जातो आणि एक दिवस तो पेटतो.

1912 मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळाही बंद करण्यात आली. एका माणसाच्या निवृत्तीबरोबर अख्खी संस्था मिटावी, हे आजही बोचतं. यंत्रसामग्री कोडाईकनालला गेली. वीस इंची दुर्बीण तिथे बसवायला 1951 उजाडलं. तिची ओळख आज ‘भावनगर दुर्बीण’ अशी आहे. देणगीदाराचं गाव नावात राहिलं, पुणं आणि नायगमवाला दोन्ही गळाले.

हगिन्सनं पाहिलेला तारा 1946 मध्ये पुन्हा भडकला होता. सुमारे ऐंशी वर्षांचा त्याचा फेरा पाहता पुढचा उद्रेक जवळ आलेला आहे. भंडारा जिल्ह्यातून उत्तर मुकुट जवळजवळ डोक्यावरून जातो, त्यामुळे इथल्या निरीक्षकाला तो पाहायला फार सोयीचा. स्वातीच्या पूर्वेला ताऱ्यांची अर्धवर्तुळाकार ओळ शोधायची. तिच्यातला सर्वांत ठळक तारा अल्फेक्का, प्रत 2.2. एरवी दहाव्या प्रतीचा असलेला हगिन्सचा तारा भडकला की दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीला पोचतो. म्हणून अल्फेक्काशी तुलना करायची आणि तारीख, वेळ, अंदाजे प्रत वहीत लिहायची. काही दिसलं नाही तरी ‘दिसला नाही’ ही नोंद करायची. उद्रेक नेमका कधी सुरू झाला, हे अशाच नोंदींवरून ठरतं.