ग्रॅनीचं पाणी कोण बदलत होतं?

घरात समुद्रपुष्प, म्हणजे सी-ॲनिमोन, पाळण्याचा इतिहास शोधायला बसलात की पहिल्या तासाभरात तुम्हाला ग्रॅनी भेटणार. मलाही तीच भेटली आणि तिने माझे दोन महिने खाल्ले. का खाल्ले ते सांगतो, कारण संशोधनाला नुकती सुरुवात करणाऱ्या कुणाच्याही बाबतीत हे होऊ शकतं.

आधी गोष्ट. ऑगस्ट १८२८ मध्ये सर जॉन ग्रॅहम डॅलियल या स्कॉटिश निसर्ग-अभ्यासकाने नॉर्थ बेरिकच्या खडकांवरून एक लालसर समुद्रपुष्प उचललं आणि एडिंबरोला घरी आणून काचेच्या बरणीत ठेवलं. इतरांशी तुलना करून त्याने तिचं वय तेव्हा सातेक वर्षं असावं असा अंदाज बांधला. दर पंधरवड्याला अर्धा शिंपला हे तिचं जेवण. वीस वर्षांत तिने ३३४ पिल्लं दिली, ती डॅलियलने मोजून लिहून ठेवली. १८५१ मध्ये तो वारला. ग्रॅनी प्राध्यापक जॉन फ्लेमिंगकडे गेली. १८५७ मध्ये, कित्येक वर्षं काहीच न देता बसलेल्या या म्हातारीने एका रात्रीत दोनशेहून जास्त पिल्लं दिली. त्याच वर्षी फ्लेमिंगही गेला. मग आरमारातले डॉक्टर जेम्स मॅकबेन, आणि शेवटी एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमधले रॉबर्ट लिंडसे. ४ ऑगस्ट १८८७ रोजी ग्रॅनी मेली. बरणीतच तिची ५९ वर्षं गेली होती. तिला भेटायला येणाऱ्यांसाठी सह्यांची वही ठेवलेली असायची.

आहे ना मस्त गोष्ट? मी ती जशीच्या तशी प्रकरणात टाकली. एकेक मालक, एकेक परिच्छेद. मार्गदर्शकांनी मसुदा परत दिला तेव्हा समासात पेन्सिलने एकच ओळ होती: "पाणी कोण बदलत होतं?"

खरं सांगायचं तर मी चिडलो. एवढं वाचलं, आणि यांना पाण्याचं पडलंय! पण विचार करा. १८२८ मध्ये पंप नव्हता, फिल्टर नव्हता, पुडीतून विरघळवायचं समुद्री मीठ नव्हतं. बरणीतलं पाणी काही दिवसांत खराब होणार. प्राणी जगवायचा तर ताजं पाणी समुद्रावरूनच आणायला हवं. डॅलियलने त्यासाठी एक हमाल ठेवला होता. तो आठवड्यातून काही वेळा तीन-चार गॅलन, म्हणजे साधारण पंधरा लिटर, समुद्राचं पाणी वाहून आणायचा. ही नोंद मी आधी वाचली होती, पण टिपणात घेतली नव्हती. मला ती 'तपशील' वाटली. ग्रॅनीच्या गोष्टीत मालकांची नावं ओळीने येतात, हमालाचं येत नाही, आणि मीही त्याच ओळीत उभा राहिलो होतो.

मग मी जुनी टिपणं त्याच एका प्रश्नाने पुन्हा वाचली. ॲना थिन या बाईंनी १८४६ मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावरून समुद्रपुष्पांचे जवळचे नातेवाईक असलेले काही दगडी प्रवाळ लंडनला आणले. लंडनला समुद्र कुठला? म्हणून तेच पाणी पुन्हा पुन्हा हवेशीर करायचं. कसं? उघड्या खिडकीसमोर एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायचं, रोज अर्धा-पाऊण तास. हे काम घरातली मोलकरीण करायची, असं बाईंनी स्वतः लिहिलंय. १८४७ मध्ये त्यांनी भांड्यात समुद्री शेवाळं ठेवलं. उजेडात शेवाळं प्राणवायू सोडतं, त्यामुळे प्राणी तगू लागले.

पुस्तकांत याला वनस्पती आणि प्राणी यांच्या 'समतोला'चा शोध म्हणतात. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टनने गोड्या पाण्यात तो रासायनिक अंगाने मांडला. फिलिप हेन्री गॉसच्या १८५४ च्या पुस्तकाने तर ॲक्वेरियम घराघरांत नेलं. १८४५ मध्ये काचेवरचा कर उठला होता आणि रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोचली होती, तेही कामी आलं. पण मोलकरणीच्या बाजूने बघितलं तर हाच शोध वेगळा दिसतो: रोजचा पाऊण तास वाचवणारी युक्ती. मला हे वाचन जास्त पटतं. तुम्हाला पटायलाच हवं असं नाही.

दुसरी चूक याहून मोठी होती. एका ग्रॅनीवरून मी लिहिलं होतं की 'व्हिक्टोरियन घरांत समुद्रपुष्पं दीर्घकाळ जगत'. अहो, जी आठवड्यात मेली त्यांच्यासाठी सह्यांची वही कोण ठेवणार? गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ मधल्या आत्मकथनात लिहिलंय की या हौसेपायी आणि संग्राहकांच्या झुंडीपायी किनाऱ्यावरची खडकांतली तळी उजाड झाली. काठावरची ती रिकामी तळीही पुरावाच आहेत. मी मात्र फक्त जगलेल्या एकीचे कागद धरून बसलो होतो.

शिवाय ग्रॅनीची जात काटक. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात तासन्‌तास पाण्याबाहेर राहणारी. आज लोक घरच्या रीफ-टाकीत जी थाळीएवढी, परातीएवढी समुद्रपुष्पं ठेवतात ती उष्ण समुद्रांतली. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवालं राहतात आणि त्यांना अन्न पुरवतात, म्हणून भरपूर प्रकाश लागतो. बरणीतली, अर्ध्या शिंपल्यावर जगणारी ग्रॅनी त्यांचा दाखला होऊच शकत नाही.

पुण्यात ओळखीच्या एकाकडे अशी टाकी होती. ते जागा बदलत फिरतं, हे मला तिथेच पहिल्यांदा कळलं. एका रात्री ते सरकत सरकत पंपाच्या तोंडाशी गेलं आणि चिरडलं. सकाळपर्यंत पाणी दुधाळ आणि मासेही गेलेले. टाकी कुणाची विचाराल तर सगळे त्याचं नाव सांगायचे. पाणी बदलायची त्याची आई, दर रविवारी, बादल्यांनी. हे मला माहीत होतं, कारण एकदा बादली मीच उचलून दिली होती.

प्रकरण पुन्हा लिहिलंय. आता ते ग्रॅनीने सुरू होत नाही. १८४६ च्या लंडनमधली एक उघडी खिडकी आहे, आणि एक मोलकरीण भांड्यातून भांड्यात पाणी ओततेय. ग्रॅनी येते थेट अकराव्या पानावर, हमालाच्या मागून.