पडद्याला कडी नसते

जुन्या घरांचे फोटो बघताना एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही, कारण ती तिथे नसतेच. पडदे! कोकणातलं चिऱ्याचं घर घ्या नाहीतर पुण्यातला एखादा साधा वाडा घ्या. खिडकीला गज आहेत, लाकडी झडपा आहेत, कोनाड्यात दिवा आहे, पण खिडकीवर कापड काही दिसत नाही. गेले पंधरा दिवस आमच्याकडे पडदे शिवायचं काम चालू आहे आणि हातात टेप, खडू आणि कात्री असली की माझ्या डोक्यात नको ते प्रश्न येतात. त्यातलाच हा एक. आपल्या साध्यासुध्या घरांत पडदे आले कधी, आणि कशासाठी?

"पूर्वी पैसे नव्हते" हे पहिलं उत्तर. ते खरं आहे, पण तेवढ्याने भागत नाही. माझ्या मते पडद्याचं काम तेव्हा घरच करत होतं. दिंडीतून आत आलं की अंगण किंवा चौक, मग ओसरी, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि शेवटी परस. परका माणूस ओसरीवर थांबायचा. घरोब्याचा असेल तर माजघराच्या उंबऱ्यापर्यंत यायचा. पुढे कोणी कुठवर जायचं हे पायांनाच ठाऊक असायचं. भिंती जाड, खिडक्या लहान. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत बघणाऱ्याला काळोखाशिवाय काही दिसायचं नाही.

गोव्यात तर याहून गंमत. तिथल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं असत. चपटे, पातळ शिंपले चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांत बसवलेले. दुधाळ उजेड आत येतो, पण आतलं बाहेर दिसत नाही. अशा खिडकीला पडदा कशाला हवा?

पण आडोशाची कल्पना काही नवी नाही. कालिदासाने कुमारसंभवाच्या पहिल्याच सर्गात हिमालयातल्या गुहांच्या दारांवर ढगांचे पडदे लावले आहेत, तेही आत लाजणाऱ्या स्त्रियांसाठी. 'पडदा' हा शब्द तेवढा आपल्याकडे फारसीतून आला.

मोठ्या घरांत मात्र पडदे होते. बांबूच्या बारीक कामट्यांचा चिकाचा पडदा, ज्यातून आतून बाहेरचं दिसतं पण बाहेरून आतलं नाही. उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे दारांना टांगायचे आणि त्यांवर पाणी मारायचं, की बाहेरची झळ गार आणि सुगंधी होऊन आत यायची. हे झालं सुखाचं. पण याच घरांत गोषाही होता, आणि तिथे पडदा ही बाईच्या सोयीची वस्तू नव्हती. १९०८ सालच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत १३२ वं कलम आहे. देशाच्या रूढीप्रमाणे ज्या स्त्रियांना लोकांसमोर यायला भाग पाडू नये, त्यांना कोर्टात जातीने हजर राहण्यापासून सूट. आता याला सूट म्हणायचं की आणखी काही, ते तुम्हीच ठरवा. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई या गोषातून बाहेर पडल्या, त्याविरुद्ध जाहीरपणे बोलल्या, आणि १९२७ साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद पहिल्यांदा भरली ती त्यांच्याच अध्यक्षतेखाली.

म्हणून मला पडद्याच्या कापडापेक्षा त्याची दोरी कोणाच्या हातात आहे हे जास्त महत्त्वाचं वाटतं. आपण ओढला तर आडोसा, दुसऱ्याने आपल्यावर ओढला तर कोंडवाडा.

असो. साध्या घरांकडे येऊ. तिथे पडदा आला तो मुंबईसारख्या शहरात, आणि त्यामागे प्लेगचा हात आहे असं मला वाटतं. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग उघडकीला आला. कोंदट, अंधाऱ्या खोल्या हे रोगाचं घर, असं तेव्हाच्या सरकारी डोक्यांनी ठरवलं. १८९८ साली मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. 'उजेड आणि हवा' हा त्या मंडळींचा मंत्र. दोन इमारतींत किती मोकळी जागा हवी याचा त्यांचा एक नियम होता, ६३½ अंशांचा. भूमितीची भीती वाटत असेल तर सोपं करून सांगते. इमारत ४० फूट उंच असेल तर समोर निदान २० फूट मोकळं सोडायचं. दादर-माटुंग्याच्या आखीव वस्त्या याच ट्रस्टच्या योजनांतून पुढे उभ्या राहिल्या.

आता बघा काय झालं. खिडकी मोठी झाली, हवा आली, उजेड आला. पण समोर वीस-तीस फुटांवर तशीच दुसरी मोठी खिडकी! मधली ओसरी गेली, अंगण गेलं, रस्त्यापासून थेट खोली सुरू झाली. त्यात विजेचा दिवा आला. समईच्या किंवा कंदिलाच्या उजेडात बसलेलं कुटुंब समोरच्याला सावल्यांसारखं दिसायचं, विजेच्या दिव्याखाली ते रंगमंचावर बसल्यासारखं दिसायला लागलं. १९३७ साली मुंबईच्या टाउन हॉलमध्ये वास्तुविशारदांच्या संस्थेने 'आयडियल होम' नावाचं प्रदर्शन भरवलं होतं. घर कसं सजवावं हे शिकायला मध्यमवर्ग तोवर तयार झाला होता. खिडकी ट्रस्टने मोठी केली, पडदा आम्ही लावला, असा माझा सरळ हिशोब आहे.

आणि तो लावला तो अर्धाच. माझ्या पिढीतल्या प्रत्येकाला हा अर्धा पडदा आठवत असेल. खिडकीच्या चौकटीत दोन बाजूंना दोन खिळे, मध्ये ताणून बसवलेली प्लास्टिकच्या आवरणाची स्प्रिंग, आणि तिच्यात ओवलेला फुलाफुलांचा सुती पडदा. खालचा अर्धा भाग झाकलेला, वरचा उघडा. खाली आमचा आडोसा, वर प्लेगच्या डॉक्टरांची हवा. यापेक्षा शहाणी तडजोड मी तरी पाहिलेली नाही.

हा पडदा मला आत्याने शिवायला शिकवला, तो आत्तासुद्धा असाच शिवते. सांगून ठेवते, कोणाला उपयोग झाला तर झाला. नवं सुती कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून घ्यायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात पडदा आटतो आणि खिडकीच्या कठड्यावरून वर चढतो. खिडकी चार फूट रुंद असेल तर कापड निदान दीडपट हवं, म्हणजे चुण्या पडतात. ताणून बसलेला पडदा टेबलक्लॉथसारखा दिसतो. ३६ इंच पन्ह्याचे दोन तुकडे जोडले की ७२ इंच, काम झालं. दोन फूट उंचीच्या पडद्याला वर नेफ्यासाठी दीड इंच, खाली दुमडायला अडीच इंच, म्हणजे प्रत्येक तुकडा २८ इंचांचा. पावणेदोन वार कापड घेतलं तर थोडं उरतं, त्यात उशीचा अभ्रा नाही होत पण शिलाई मशीनचं झाकण होतं. (मीटरचा कायदा १९५६ साली झाला, पण आत्या अजून वारातच बोलते. दुकानदारही समजून घेतो.) स्प्रिंग मात्र खिडकीच्या रुंदीपेक्षा थोडी आखूड कापायची, तरच ती ताणलेली राहते. नाहीतर मध्ये झोळ येतो आणि पडदा हसल्यासारखा दिसतो.

खिडकीचं झालं. पण आत्याच्या बोलण्यात खिडकीच्या पडद्यापेक्षा दुसऱ्याच दोन पडद्यांची गोष्ट जास्त असते. १९६८ साली लग्न होऊन ती नायगावच्या बीडीडी चाळीत गेली. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून या चाळींच्या २०७ इमारती, १९२० च्या दशकात बांधलेल्या. एकेक खोली १६० चौरस फुटांची. आत्याच्या खोलीत ती धरून सात माणसं.

त्यातला पहिला पडदा दाराचा. चाळीत दार दिवसभर उघडं. बंद दार म्हणजे घरात कोणी आजारी आहे किंवा भांडण झालंय असा अर्थ! पण उघड्या दाराला पडदा असायचा, गुडघ्यापर्यंत येणारा. आत आंघोळ चालली असेल, कोणी जेवत असेल तर तो सोडलेला. येणारा बाहेर उभा राहून हाक मारणार, "वहिनी, आहात का?" आतून "या" म्हटल्यावरच पडदा बाजूला होणार. एरवी तो वर खोचून ठेवलेला, म्हणजे खुशाल या.

दुसरा पडदा रात्रीचा. लग्नाच्या पूजेनंतर पाहुणे गेले, त्या रात्री आत्याच्या सासूबाईंनी काही न बोलता एका भिंतीच्या खुंटीपासून समोरच्या खुंटीपर्यंत दोरी बांधली आणि स्वतःचं जुनं नऊवारी लुगडं दुहेरी करून त्यावर टाकलं. सासरे वळकटी काखेत मारून गॅलरीत झोपायला निघून गेले. सासरे मिलमध्ये साचेखात्यात होते. जन्मभर मुंबईच्या मिलमध्ये कापड विणलं आणि घरात भिंत घालायची वेळ आली तेव्हा एक विरलेलं लुगडं. आत्या हे सांगताना रडत वगैरे नाही. "दिवा मालवल्यावर सगळे लगेच घोरायला लागायचे," एवढंच म्हणते आणि हसते. पण मला दरवेळी वाटतं, त्या लुगड्याने आवाज अडत नव्हता, उजेड अडत नव्हता, लहान दिराने पाण्याला उठताना हात लावला असता तर ते खालीच आलं असतं. तरी दोन वर्षं त्याची भिंत झाली, कारण पलीकडच्या पाच जणांनी ती भिंत आहे असं मानलं.

त्याच चाळीत डिसेंबर १९७१ मध्ये ब्लॅकआउट झाला. ३ तारखेला युद्ध सुरू झालं, १६ ला ढाक्यात शरणागती झाली. त्या दिवसांत काचांना काळे कागद चिकटवलेले, गाड्यांच्या दिव्यांना अर्धा काळा रंग, आणि फटीतून जरा उजेड दिसला की खालून वॉर्डनची आरोळी. इंग्लंडात १ सप्टेंबर १९३९ पासून लोकांनी वर्षानुवर्षं हेच केलं होतं, घरोघरी जाड काळ्या कापडाचे पडदे शिवून. युद्धात पडद्याचं काम उलटं होतं. एरवी बाहेरची नजर आत येऊ नये म्हणून पडदा, तेव्हा आतला उजेड बाहेर जाऊ नये म्हणून. आत्या म्हणते, त्या दिवसांत पहिल्यांदा आख्ख्या चाळीला सारखा आडोसा मिळाला! आता दुकानात 'ब्लॅकआउट' पडदे मिळतात ते रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्यांसाठी. शब्द तोच, भीती गेली. (७ मे २०२५ च्या नागरी संरक्षण सरावाच्या बातम्यांत तो शब्द पुन्हा जुन्या अर्थाने ऐकला तेव्हा आत्याने टीव्हीचा आवाज वाढवला होता.)

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या ५५६ रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. फार बरं झालं. १६० फुटांत कोणाला राहायला लागू नये, आणि चाळीतल्या आठवणी गोड वाटतात त्या बऱ्याचदा तिथून बाहेर पडलेल्यांनाच. निजायला वेगळी खोली, तिला दार, दाराला कडी, हे चैनीत मोजायचं कारण नाही. ज्या मुलीला नवी नवरी म्हणून सासूच्या लुगड्यामागे झोपावं लागलं तिला विचारा.

तरी एक गोष्ट मनात राहते. दाराला कडी असते, तिथे समोरच्याच्या भलेपणाशी आपला काही संबंध उरत नाही. तो कसाही असो, दार बंद. पडद्याला कडी नसते. वाऱ्याने उडतो, मूलही बाजूला सारू शकतं. तो टिकतो तो पलीकडच्या माणसाने न बघायचं ठरवलं म्हणून. आत्याच्या सासऱ्यांनी वळकटी उचलली ती कुठल्या नियमाने नव्हे. आणि गोषाच्या पडद्यात नेमकं हेच नव्हतं. तिथे आतल्या बाईला कोणी विचारलंच नव्हतं.

आमच्या बैठकीच्या खोलीत आता जमिनीपर्यंत पडदे येतील, वर लोखंडी रॉड, आयलेटच्या रिंगा, सगळं आजच्यासारखं. स्वयंपाकघराला मात्र मी अर्धा पडदा शिवते आहे, स्प्रिंगवाला. स्प्रिंग मिळायला तीन दुकानं फिरावं लागलं.

तुमच्या घरी पहिला पडदा कधी आला, कोणी शिवला, कशापासून? घरातल्या मोठ्यांना विचारा आणि जरूर लिहा. रात्री बांधलेलं लुगडं किंवा साडी कोणाला आठवत असेल तर तेही लिहा. त्या भिंतींची नोंद कुठल्याच नकाशात नाही.